क्रुसापुढे उभं राहायला जागा

के. आर. पुरम, बेंगळुरू
ऑक्टोबर १९९९

प्रिय इनास,

चौथी शिकलेल्या बहिणीचं अक्षर आहे, हसू नको. कम्प्युटरवरून मुद्दाम धाडत नाही. तुझ्या गटात आलेलं प्रत्येक पत्र आधी तू वाचतोस आणि पुढे जाऊ द्यायचं की नाही ते ठरवतोस. पोस्टमन असलं काही ठरवत नाही.

वसईबाहेर पांगलेल्या आपल्या कॅथलिक लोकांसाठी तू तो ई-मेलचा गट काढलास, तेव्हा मला केवढं कौतुक! रविवारी माझी सुचेता फोनची तार लावायची, कम्प्युटरचा डबा कुईंकुईं ओरडायचा, मग ती एकेक पत्र वाचायची आणि मी मटार सोलत ऐकायचे. कोणी कुवेतचा, कोणी कॅनडाची, पण बोलणं आपलं. इथे चर्चमधली मिस्सा कन्नडात नाहीतर इंग्रजीत, मला अर्धी कळते. तुझा गट हेच माझं देऊळ झालं होतं.

मग सुचेतानेच लिहिलं. काय एवढं लिहिलं पोरीने? लग्न कोर्टात केलं, नवरा हिंदूच आहे, मिस्साला जाते पण चर्चमध्ये लग्न नाही म्हणून वेदीपाशी ख्रिस्तशरीर घ्यायला उठत नाही, बाकावर बसून राहते. माझ्यासारखं आणखी कोणी आहे का? बस्स. तुटून पडले सगळे. एक म्हणतो, आधी पश्चात्ताप कर, मग तोंड उघड. ते तू जाऊ दिलंस. कॅनडाच्या बाईने लिहिलं, ये ग, मीही तशीच बसते, तर तिचं पत्र अडवलंस! म्हणे वाद नको. तिने ते सुचेताला वेगळं धाडलं म्हणून कळलं. त्या दिवसापासून माझी पोर गटात एक अक्षर लिहीत नाही.

फोनवर मला सांगतोस, फिलू, मी गटाच्या वरतीच लिहिलंय, सर्वांचं स्वागत. अरे, दारावर स्वागत लिहायचं आणि आत पाय टेकू द्यायचा नाही, ही कुठली रीत? आणि सारखं 'लिबरल लोक, लिबरल लोक' काय लावलंयस? पिठाच्या डब्यात किडे झाल्यासारखा बोलतोस!

मे महिन्यात आळीतल्या क्रुसापुढे लदीनची प्रार्थना म्हणायचो, आठवतं? दुमिंगकाका झोकांड्या खात यायचा. आई त्याला उकडलेले चणे सगळ्यांच्या आधी द्यायची, तोंड भरलेलं असलं की गप्प राहतो म्हणून. पाटलांची हिंदू सून यायची, नवऱ्याने टाकलेली कोन्सू यायची. तू ओंजळ पुढे करायला सगळ्यांत पहिला. तुला कोणी विचारलं होतं का, गेल्या रविवारी फादरकडे पापांच्या कबुलीला गेला होतास का ते?

सुचेताची सासू अंबुबाई, यांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, सरी, बरंय अक्का, पण तुमच्या देवाला एवढे वकील कशाला लागतात? तुझ्याकडे उत्तर असेल तर तिलाच लिही.

मला वाद घालता येत नाही. एवढं कळतं की शिव्या देणाऱ्याला अडव, हात देणाऱ्याला नको. जो आत आला, त्याला बसू दे आणि बोलू दे. पटलं नाही तर नाही पटलं. पोपला काही होत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मृतांच्या दिवशी क्रुसापुढे वाचायला तू गटातून नावं मागवलीस. सुचेताने तोंडावरचं कुलूप काढून एक नाव धाडलं. कोणाचं, असं विचारलंस? नाही. एक ओळ लिहिलीस: बाप्तिस्म्याची तारीख कळव. इनास, सातव्या महिन्यात तिची मुलगी गेली. जन्मली तीच गेलेली. डोक्यावर पाणी घालायला कोणाला वेळच मिळाला नाही. दिवस गेल्याचंही तिने मला तुला कळवू दिलं नाही; म्हणाली, मामा आधी लग्नाचंच काढेल. तुझी ओळ वाचून तिने डबा बंद केला आणि जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच. तिचा नवरा वासुदेव कामावरून आला की विचारतो, मामांनी नाव घेतलं का? तुझ्या हिशेबी तो आपला नाही ना? त्यालाच त्याच्या पोरीचं नाव आपल्या क्रुसापुढे हवंय. आर्या. तारीख नाही. गटाच्या समितीला विचारत बसू नको, मोठ्याने वाच.

तुझीच, रागावलेली,
फिलू