मक्याचा मलिदा

रवि. ९ फेब्रु., इल्फर्ड

मॉरीनचा पुन्हा फोन. सॅमसनचं हृदय थकलंय, डॉक्टर आता वर्षं नाही, महिने म्हणतायत. "ताईला बोलाव" म्हणाला म्हणे. माझा धाकटा भाऊ, ट्रेनने तीन तासांवर, आणि एकतीस वर्षांत मी त्याच्या घरी पाऊल टाकलेलं नाही. त्याने ह्या शेतकरणीशी, मॉरीनशी लग्न केलं तेव्हा मम्मी म्हणाली, "आपल्यातून गेला तो." मीही तेच धरून बसले.

जाते. आमच्या ज्यू सिमेट्रीचा फॉर्म बॅगेत टाकलाय. मम्मी-पप्पांच्या शेजारी दोन जागा राखलेल्या आहेत, एक माझी, एक त्याची. सही घ्यायची आणि परत यायचं. पातेलं, सुरी, दोन डबे घेतले. त्यांच्या भांड्यातलं खाणार नाही.

सोम. १०

नॉटिंगहॅमपर्यंत माणसांचं जग. पुढे मॉरीनची गाडी. पुढच्या सीटवर कुत्रा. तो उठला नाही, मी मागे बसले. मॉरीन मला 'डक' म्हणते. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई मी, आणि डक! इथे म्हणे सगळ्यांनाच म्हणतात.

पाऊण तास चिखल. "लव्हली, इझन्ट इट?" तीनदा. काय लव्हली? सपाट शेतं, ओलं आभाळ, गाई, त्यांच्यामागे आणखी गाई. मध्येच एक लोखंडी पंप, मान खाली-वर करत तेल उपसणारा. हाच सॅ.चा, जन्मभराच्या नोकरीचा. ह्याला ग्रीस लावायला पप्पांनी पोरगा इंजिनियर केला.

सॅ. काठी घेऊन दारात. अर्धा झालाय. म्हणाला, "ताई, बूट काढू नकोस. आत पण तसंच आहे." खरंच तसंच होतं.

मंगळ. ११

'हेरिटेज' बघायला नेलं. पत्र्याची शेड, तिला म्युझियम म्हणायचं. आत गंजके बोल्ट, एक हेल्मेट, बरणीत काळं तेल, आणि फ्रेम करून लावलेलं एका बैलाचं बक्षीस. युद्धात इथल्या तेलावर विमानं उडाली म्हणे. चहा देणाऱ्या म्हाताऱ्याने बैलाच्या बापाचं नाव सांगितलं, आजोबाचंही. आमच्या पप्पांचं नाव ह्या गावात कुणाला ठाऊक नाही, बैलाचा आजोबा पाठ.

भिंतीवर सॅ.चा फोटो, तरुण, पंपावर हात. खाली नुसतं 'सॅम'.
"आडनाव कुठे गेलं?" मी म्हाताऱ्याला विचारलं.
"इथे सॅम एकच आहे, डक."

चहा पाणचट. घरी फ्रिजमध्ये बेकन, डुकराचं. पाहिलं नाही असं केलं.

बुध. १२

फॉर्म पुढे ठेवला. सॅ.ने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, मग खिडकीतून बोट दाखवलं. पंपापलीकडे कुंपणाचा कोपरा. तिथे. कौन्सिलला विचारून झालंय. मॉरीनही पुढे तिथेच येणार.

"गुरांच्या शेतात?"
"गुरं चांगली आहेत ताई. कुणाशी अबोला धरत नाहीत."

टोमणा कळला. मी म्हटलं, "आणि तुझ्यावर प्रार्थना कोण म्हणणार? गाई?"
त्याने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाला, "तू म्हण ना."

भयंकर राग आला. आधी सगळं सोडून जायचं आणि शेवटी आमच्याकडेच... वर येऊन डबा उघडला. चपात्या वातड. त्याच खाल्ल्या.

गुरु. १३

आज तू बिश्वात, आमचा झाडांचा सण, मलिदा करायचा दिवस. खरं सांगायचं तर माझ्या लक्षातच नव्हतं. खाली आले तर टेबलावर पांढरी चादर, परात, पाच फळं, सुकं खोबरं, मधोमध पिवळी रास. मॉरीन म्हणाली, "मलिडा." लग्नापासून दरवर्षी करते म्हणे.

चिमटीत धरून पाहिलं. मलिद्याला गोड पोहे लागतात, हे पोहे कुठले? मक्याचे चपटे दाणे. पोतं दाराशीच उभं, वर वासराचं चित्र. पहिल्या वर्षी सॅ.ने सांगितलं होतं, वाफवून चपटं केलेलं धान्य लागतं. ही बया गेली गोठ्यात आणि घेऊन आली. एकतीस वर्षं एलियाहू हन्नाबीच्या, आमच्या प्रेषिताच्या नावाने वासरांचा खुराक! मला हसू आवरेना. तिचा चेहरा पडला. "काही चुकलं का?"

सॅ. मराठीत म्हणाला, "सांगू नकोस तिला. मला काय, पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मग त्याने गुरांच्या बाजारातली कळकट टोपी डोक्यावर चढवली आणि प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या कडव्याला दम लागला. थांबला. पुढचं मॉरीनने उचललं. तोंड गावठी, पण हिब्रूचा एक शब्द चुकला नाही. आणि चाल आमची, मम्मीची. मी साथ द्यायला तोंड उघडलं. पुढची ओळ येईना.

मम्मी गेल्यापासून मी मलिदा केलेला नाही. बारा वर्षं. आमच्या समोरच्या दुकानात पोहे मिळतात, जाडे, पातळ, दोन्ही.

मक्याचा मलिदा दाताखाली कचकचतो. त्यांच्याच बशीत खाल्ला. लाज वाटली, मक्याची नाही.

शुक्र. १४

सूर्यास्ताला शब्बाथ लागतो, त्याच्या आत घरी पोचायचं म्हणून सकाळीच निघाले. फॉर्म कोरा. सॅ. म्हणाला, "ठेवून जा, बघतो." ठेवला नाही. का, ते कळत नाही. बॅगेत आहे.

स्टेशनवर मॉरीन: "प्रार्थना मला येते, पण त्याला त्याचं माणूस हवंय." मी म्हटलं, गाडी येतेय. गाडीला आठ मिनिटं होती.

मंगळ. १८, इल्फर्ड

सॅ.ला पुन्हा ॲडमिट केलंय. मॉरीनचा मेसेज, खाली गाईचं चित्र. कशाला?

पातळ पोहे आणले. नारळ खवला, पाच फळं मांडली, डोक्यावर पदर घेतला. दुसऱ्या कडव्याला तिथेच अडले. मम्मीचं प्रार्थनेचं पुस्तक शोधायला उठले, मग आठवलं, फाटकं झालं होतं, आमच्यात असं पुस्तक टाकत नाहीत, म्हणून तिच्याबरोबरच पुरलं. शब्द इंटरनेटवर मिळतील. चाल कुठून आणू?

फॉर्म टेबलावरच, सही नाही. त्याचं काय करायचं ते अजून...

पोहे सुकायला लागले. फोन केला. मॉरीन हॉस्पिटलमध्येच होती. "थांब, सॅमला देते."
म्हटलं, नको. तुझ्याकडेच काम आहे, दुसऱ्या कडव्याचं.