एका सुताने लहान गोळा

प्रिय हार्लन,

मंगळवारी सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकले, रूबार्ब खुडला, कॉफीचा चोथा टोमॅटोच्या मुळांशी ओतला आणि हात पुसता पुसता लक्षात आलं, की मर्लच्या पिकअपमागच्या, ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याकडे मी तेवीस वर्षांत एकदाही नीट पाहिलेलं नाही. (आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी करायला हवी होती. ती आता करते. जिना चढवतो का? माझं बरं आहे. झोप पाच तास लागते, तेवढी पुरते.)

गोळ्याकडे पाहायचं कारण तुम्हीच. मर्लचा लाकूड कातायचा लेथ बिस्मार्कला तुमच्याकडे, त्याच्या भावाकडे असावा, असं तुम्ही ईस्टरला म्हणालात, आणि मी स्वतः आणून देते असं मी म्हणून बसले. लेथ चारशे पौंडांचा, रस्ता दोनशे मैलांचा. ट्रेलर जोडणं हे आमच्या घरात कायम मर्लचं काम; माझं काम तो गाडी मागे घेताना उभं राहून हात हलवण्याचं, आणि तो हात मर्लने कधी पाहिला असेल असं वाटत नाही. म्हणून वाचनालयातून पुस्तक आणलं आणि कादंबरीसारखं वाचलं. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला एक वाटी असते, ती गाडीच्या गोळ्यावर उपडी बसते, आणि सगळा प्रवास त्या दोघांची मापं जुळण्यावर असतो. ओझं पुढच्या बाजूला थोडं जास्त ठेवायचं, नाहीतर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. दांड्यावर किती भार येतो, तो म्हणे न्हाणीघरातल्या वजनकाट्यावरही मोजता येतो. (मर्लला जाऊन ऑक्टोबरात दोन वर्षं होतील. तेव्हापासून त्या काट्यावर कुणी उभं राहिलेलं नाही. दांड्याने तरी राहावं.)

मग मी गेलनच्या दुकानात गेले. तो भाड्याने ट्रेलर देतो. त्याने गोळा पाहिला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"हा मर्लचा ना?"

"हो."

"तसंही नेता येईल म्हणा."

(तुम्ही डाकोटात चाळीस वर्षं काढलीत, पण जन्म इथला. आपल्याकडे कुणी "तसंही करता येईल" म्हणालं की माणसाने हातातलं काम ठेवून द्यावं.)

मी विचारलं, "वाटी दोन इंचाची आहे. गोळा केवढ्याचा?"

"मर्ल फार चांगला माणूस होता."

"गेलन, मी गोळ्याचं विचारतेय."

"यंदा मक्याला पाऊस बरा झाला."

तेवढ्यात त्याची बायको रेलीन बाहेर आली. ती टेक्सासची. तीस वर्षं इथे राहूनही तिची सरळ बोलायची सवय गेलेली नाही. "अगं आर्डिस, एक सूत लहान आहे तो, इंचाचा आठवा भाग! वाटी बसल्यासारखी दिसते, पण खड्डा आला की उडी मारून सुटते. तुझा नवरा वीस वर्षं असाच फिरला आणि अख्ख्या गावाला ठाऊक होतं!"

"मग कुणी सांगितलं का नाही?" मी गेलनला विचारलं.

"होता तेव्हा त्याला वाईट वाटलं असतं," तो बुटांकडे बघत म्हणाला. "आणि गेल्यावर बरं दिसलं नसतं."

मी ट्रेलरच्या कडेवर बसून हसले. त्या गोळ्याच्या भरवशावर आम्ही होडी नेली, गवताच्या गासड्या नेल्या, तुमच्या आईचं कपाट नेलं. काहीच कधी सुटलं नाही, आणि मर्ल त्याला स्वतःचं कसब समजायचा. मग हसू थांबलं. गोळ्याखालचा नट त्याने आवळलेला होता. तो सैल करायला माझा हात पुढे होईना.

"हवं तर मी करतो," गेलन म्हणाला.

"नको."

"खरंच?"

तिसऱ्यांदा विचारलं की आपल्याकडे हो म्हणावंच लागतं, म्हणून त्याच्या आत मी पाना उचलला. पान्याच्या दांड्यावर रेलीनने लांब नळी चढवली, आणि आम्ही दोघी त्यावर लोंबकळलो. नट किंचाळला आणि फिरला. दोन इंचाचा नवा गोळा बसवला, कडी लावली, खीळ घातली, साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या अडकवल्या, म्हणजे सुटलाच तर दांडा त्यांच्या झोळीत पडेल. मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दांडा जॅकने वर उचलला. वाटी सुटली नाही. पिकअपचं बूडच वर आलं. गेलन म्हणाला, "वाईट नाही." याहून मोठी शाबासकी या तालुक्यात कुणाला मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. जुना गोळा खिडकीत पाककृतींच्या कागदांवर ठेवला आहे.

शनिवारी दुपारी पोहोचेन. बटाट्याची हॉटडिश ओव्हनमध्ये भाजून आणते आहे, जेवणाचं काही करू नका.

तुमची,
आर्डिस

ता. क. ट्रेलर एकतर्फी हवा की परतीचा, असं गेलनने विचारलं. मी परतीचा घेतला. लेथ माझ्याबरोबर परत येणार आहे, हार्लन. ईस्टरला सगळ्यांसमोर मला नाही म्हणता आलं नाही. मर्लचा अर्धा कातलेला वाडगा अजून त्यात अडकवलेला आहे. तो मला पुरा करायचा आहे. चार दिवसांत शिकवाल का? नसेल जमत तर तसं सरळ सांगा.

ता. क. दोन. गोळा बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिकामा ट्रेलर घेऊन चर्चच्या आवारात गेले आणि दुपारपर्यंत तो मागे घ्यायला शिकले.