शेकाट्याची चार अंडी

१२ जून
सकाळी ६.१५. लोणार, विवराची कड, रोजचा दगड. मोर २, हळदी-कुंकू बदकं ७. शेकाट्या घरट्यावरच, खाली तळ्याच्या चिखलात पांढरा ठिपका. पाणी चढतंय. घरटं बुडतं की काय याचीच धास्ती. माझे गुडघे हे असे, म्हणून आमचे हे उतरून पाहून आले.
"चार अंडे हायेत. पाणी हातभर दूर हाय."
जिवात जीव आला.

१४ जून
पाऊस. जाणं नाही. दिवसभर चिडचिड केली. हे म्हणाले, "तुह्यापेक्षा त्या पाखराले जास्त अक्कल हाय."

१५ जून
खरंच आहे. जोडी काड्या आणून घरटं उंच करतेय! हे पुन्हा उतरले. परतताना गंमत म्हणून दुर्बीण ह्यांच्यावर धरली. दहा-बारा पायऱ्या चढले, थांबले. मग बसलेच. छातीवर हात. उठले, चार पायऱ्या, पुन्हा बसले. शेवटच्या वळणाआधी रुमालाने तोंड पुसलं, शर्ट नीट केला आणि झपझप वर आले.
"दम लागला का हो?"
"मले? मले कायले लागते दम!"


१६ जून
आज कडेवर गेले नाही, गुडघ्याचं निमित्त केलं. डॉक्टरांचं नाव काढलं की ह्यांचा पेपर तोंडासमोर. बँकेत होते तेव्हापासून हेच. दुर्बिणीतून पाहिलं म्हणावं, तर मुद्दाम दोनदा उतरून दाखवतील. ओळखून आहे मी. भीती वाटते. इथे तरी लिहून ठेवते.

१७ जून
शेकाट्या बसलेलाच. पिल्लं निघायला आठवडा तरी आहे. हे बुटांच्या नाड्या बांधत होते, आणि मी बोलून गेले, "नका जाऊ. पिल्लं निघाली. इथूनच दिसतात."
"मले दाखव बरं."
दिली दुर्बीण. काय करणार? पुष्कळ वेळ पाहत होते. मग एक नाडी तशीच सोडून शेजारी येऊन बसले.
"हाव," म्हणाले, "चारी निघाले."
उन्हं तळ्यावर येईपर्यंत बसलो.
चहाच्या वेळी मेहकरच्या डॉक्टरांचा विषय काढायचा. ह्यांनीच आधी काढला तर बरं.