आधी राणीचं, मग देवाचं

बर्मिंगहॅम, २० मार्च २०२४

चि. ऋजुतास, अनेक उत्तम आशीर्वाद.

महत्त्वाचं ते कागदावरच लिहायचं, ही आपल्या घरची रीत तुझ्या बाबांनी तुला शिकवली नाही वाटतं! असो. आमच्या अ‍ॅलॉटमेंटची कमिटी आम्हा सगळ्यांच्या भाड्याच्या वाफ्यांमागचा रानटी कोपरा सपाट करून तिथे कार पार्क करणार म्हणते. मी भर मीटिंगमध्ये ठणकावलं, की तिथे भुंग्यांची घरटी आहेत आणि माझी भाची कार्डिफला त्यांच्यावरच संशोधन करते. चेअरमन हसून म्हणाला, सप्टेंबरपर्यंत पुरावा आणा. तेव्हा तू यायचंसच.

बाकी उत्तम. आख्ख्या अ‍ॅलॉटमेंटमध्ये सध्या फुलं आहेत ती फक्त माझ्याकडे, कोपऱ्यालगत. पहाटेच परडीभर क्रोकस खुडून आणते, भुंग्यांनी उष्टे करायच्या आत. माझ्या मैत्रिणीचे, सुचेताचे देव इल्फर्डच्या सुपरमार्केटातल्या फुलांवर भागवतात, माझ्या देवांचा थाट बघायला ये. येताना डबा आणू नकोस, पुरणपोळी करते.

तुझी,
मीनाक्षीआत्या


कार्डिफ, २ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप आत्यास, शिरसाष्टांग नमस्कार.

घे, कागदावर लिहितेय. जुलैत तुझ्या कोपऱ्यातल्या भुंग्यांच्या, म्हणजे बम्बलबींच्या, पायाचं इवलंसं टोक मी घेतलं, तेव्हा तू मला कसाई म्हणालीस. त्या टोकांवरून कोण कोणाची बहीण ते कळतं. आम्ही माश्या मोजत नाही, घराणी मोजतो. माश्या उदंड दिसल्या म्हणून तू खूश होतीस, पण त्या सगळ्या एकाच आईच्या लेकी निघाल्या. म्हणजे घरटं एकच. ते बुडलं की कोपरा रिकामा.

आता रागावू नकोस. हिवाळ्यात आख्खी वसाहत मरते, तगतात त्या फक्त नव्या राण्या. मार्चमध्ये जमिनीतून एकेकटी, उपाशी राणी वर येते. तेव्हा पोटाला मिळालं तरच घरटं. आणि मार्चमधली फुलं तुझ्या परडीत होती. सगळं त्यानेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण त्या राण्यांना दुसरं काही नव्हतं. एक वर्ष मागून घे.

लोभ आहेच, तो या पत्राने कमी करू नकोस.

तुझी,
ऋजुता


बर्मिंगहॅम, १५ सप्टेंबर २०२४

चि. ऋजुतास आशीर्वाद.

रागावले. दोन दिवस तुझं नाव घेतलं नाही. देवाच्या नावाने मी उपाशी बाळंतिणीच्या तोंडचा घास काढला, हे पचायला जड गेलं गं. फार वाईट वाटलं.

पण हॉस्पिटलात जन्मभर लोकांना भूल दिली, स्वतःला देणार नाही. मीटिंगमध्ये उभी राहिले आणि घरटं एकच आहे हे खरं तेच सांगितलं. चेअरमनला वाटलं मी हरले. मग म्हटलं, मला एक वसंत द्या, पुढच्या वर्षी घराणी वाढली नाहीत तर पहिलं फावडं मी मारीन. मुदत मिळाली. आता ऑक्टोबरभर क्रोकसचे कंद लावणार. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत. पाडव्याला देवांना अक्षता आणि तुळस. त्यांची माझी समजूत झाली आहे.

तुझी,
आत्या


कार्डिफ, २९ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप आत्यास, शिरसाष्टांग नमस्कार.

आधी बस. यंदाच्या लेकी सहा आयांच्या आहेत. सहा घरटी! मी दोनदा तपासलं, मग लॅबमध्येच ओरडले. वसंतात ऊनही चांगलं होतं, हे कमिटीला सांगावं लागेल. खोटं आपण बोलत नाही. रिपोर्ट सोबत आहे. निकाल कागदावरच कळव, तोवर मी नखं खाते.

तुझी,
ऋजुता


बर्मिंगहॅम, १२ सप्टेंबर २०२५

चि. ऋजुतास अनेक आशीर्वाद.

कोपरा राहिला. उन्हाचंही सांगितलं. चेअरमन म्हणाला, ऊन सगळीकडेच पडलं, घरटी इथेच झाली. मतं थोड्याच फरकाने, पण आपल्या बाजूने पडली. गाड्या रस्त्यावर राहतील, चालायला कोणाचे पाय मोडले नाहीत.

आता माझी रीत ऐक. पूजा दुपारी करते. चहा घेऊन बागेत बसते आणि भुंगा फुलावर बसून, पोटभर खाऊन उडाला, की गळायला आलेलं तेवढं एकच फूल खुडते. देवाला आता उष्टंच वाहते. तक्रार नाही त्याची.

माया आहेच, ती घ्यायला दिवाळीला ये.

तुझी,
आत्या