वायरमुक्त मुख्यालय

४ मार्च
फिरत्या मुख्यालयासाठी नेटवर्क निवडणाऱ्या समितीवर नेमणूक. अध्यक्ष म्हणून! शेवटी वरच्यांना माणसाची पारख झाली म्हणायची. हे तडीस नेलं की ब्रिगेडियर झालोच. नाही झालो तर जूनमध्ये कर्नल म्हणूनच रिटायर. अर्थात तो प्रश्नच येत नाही.

निश्चय: कोणाच्या दबावाखाली यायचं नाही.

९ मार्च
तीन पर्याय. केबल, सॅटेलाइट, वायरलेस मेश. मेशमध्ये प्रत्येक गाडीवरचा रेडिओ शेजारच्याशी बोलतो, एक बंद पडला तरी निरोप दुसऱ्याकडून जातो. पटलं. बाकीच्या फायली वाचायची गरजच उरली नाही. मेश विकणाऱ्या कंपनीने दिलेल्या चामडी बॅगेचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

१५ मार्च
समितीतल्या कॅप्टन बाई भारी शंकेखोर. म्हणे, सर, थोडी केबल राहू द्या, अडीअडचणीला. मी ठणकावलं, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत! सगळी केबल भांडारात जमा करायला लावली. तशीही तंबूत पायात यायची. परवा जनरलसाहेबांसमोर आपटलो होतो.

२२ मार्च
मेव्हण्याला फोन. ब्रिगेडियर झाल्याचं जवळजवळ सांगितलं. म्हणजे सांगितलंच.

२ एप्रिल
उद्या युद्धसराव, जनरलसाहेबांसमोर. आराखडा मीच लिहिलाय. शत्रू लहरींवरून आपली जागा हुडकतो, म्हणून हल्ल्याआधी सगळे रेडिओ बंद ठेवायचे, असं कलम मुद्दाम घातलं. साहेबांना असले बारकावे आवडतात.

३ एप्रिल, दुपार
रेडिओ बंद. काय शिस्त! एक चकार शब्द नाही. रेडिओ बंद म्हणजे आपलं नेटवर्कही बंद, हे आत्ता ध्यानात आलं. किरकोळ बाब आहे.

३ एप्रिल, संध्याकाळ
साहेबांनी विचारलं, डावीकडची तुकडी कुठंय? म्हणालो, सर, इतकी सुरक्षित आहे की शत्रूलाही पत्ता नाही. ते म्हणाले, मलाही नाही.

रेडिओ चालू करा, हे सांगायचं कसं? रेडिओवरूनच. कॅप्टन बाईंनी नुसतं जमिनीकडे, जिथं केबल असायची तिथं, पाहिलं. तेच जास्त झोंबलं. शेवटी जीप पाठवली.

४ एप्रिल
तुकडी सापडली. हुकमाची वाट बघत झाडाखाली गाढ झोपली होती. शत्रूची भूमिका करणारे त्यांच्यातच जेवून गेले. अहवालात ‘तंत्रज्ञान निर्दोष, परिस्थिती प्रतिकूल’ असं लिहिलं.

३० एप्रिल
बढतीची यादी लागली. वरून वाचली, खालून वाचली. नाव नाही. छपाईची चूक असेल म्हणून ऑफिसात विचारलं. नाही म्हणे.

बायकोला हळूच, कलाकलाने सांगायचं ठरवलं. घरी पोचलो तर तिला दुपारीच कळलेलं. लेकीलाही. धोब्यालासुद्धा. सगळ्या वसाहतीत मीच शेवटचा.

मग बूटसुद्धा न काढता रडलो. बायको शेजारी येऊन बसली. म्हणाली, आत्ता काय ते रडून घ्या, जूनपासून दिवसभर घरी असाल, तेव्हा रडायची पाळी माझी.