मुक्काम ग्लासगो, तालुका स्कॉटलंड

५ डिसेंबर
मितालीनं ग्लासगोहून फोनवर बजावलं. बाबा, माझा होणारा नवरा कॅलम इंग्रज नाही, स्कॉटिश आहे. त्याचे मायबाप जानेवारीत दिग्रसले येऊन राह्यले. त्यांच्यापुढं एकदा जरी त्यांना इंग्लंडचं म्हटलं, तर लग्न दिग्रसले नाही, ग्लासगोलेच होईल. एकुलती एक पोरगी अन् बापाले धमकी! तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला मी.
संकल्प: इंग्रज हा शब्द बंद.

६ डिसेंबर
टपरीवर सांगून आलो, जावई इंग्रज आहे. नाइलाज होता. स्कॉटलंड म्हटलं तर टपरीवाला खेमसिंग विचारे, ते मारेगावच्या पलीकडं का? संकल्प उद्यापासून.

१२ डिसेंबर
अभ्यास सुरू. इंग्लंडच्या डोक्यावर बसलेला मुलूख. डोंगर, सरोवरं, शेकडो बेटं. निळा झेंडा, त्यावर पांढरी फुली. मिताली म्हणते, त्यांची संसद वेगळी, कायदा वेगळा, शाळा वेगळ्या. मग? आपल्या तालुक्याले पंचायत समिती नाही का? एवढा ताठा कायले?

२० डिसेंबर
बायकोचा, कुंदाचा भाऊ अवधूत पुण्याहून आला. जेवताना म्हणे, भाऊजी, तुम्हीही महाराष्ट्रातलेच, मग सारखं विदर्भ विदर्भ काहून करता? आमचं काहून म्हणताना हसला वरून. मी ताटावरून उठलो. वेगळ्या विदर्भासाठी बसस्टँडसमोर उपोषणाले बसलेला माणूस मी! आमचं बोलणं वेगळं, माती वेगळी, ऊनसुद्धा वेगळं!
कुंदा म्हणे, मिताली हेच तर सांगून राह्यली. त्याचा याचा काय संबंध? हिले भूगोल समजत नाही.

८ जानेवारी
पाहुणे परवा. चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय दिग्रसमध्ये स्वागत झालं असं कोण मानते? शब्द पाळला. इंग्रज कुठंच लिहिलं नाही. फक्त लोकांच्या सोयीसाठी पूर्ण पत्ता टाकला: मु. पो. ग्लासगो, ता. स्कॉटलंड, जि. इंग्लंड. खाली माझा फोटो, गॉगल घालून. फ्लेक्सवाला म्हणाला, सर, जबरदस्त.

१० जानेवारी, दुपार
व्याही अँगससाहेब विहीणबाई, मिताली अन् कॅलमसोबत चौकात उतरले. फ्लेक्स पाहून एकदम खूश. शेजारी उभं राहून फोटो काढला. काय लिहिलं, विचारलं. मिताली म्हणे, चला आधी घरी जाऊ. तर कॅलमनं मोबाइल फ्लेक्ससमोर धरला. आजकाल मोबाइल भाषांतर करते. आग लागो त्या मोबाइलले! व्याह्यांनी हळूच विचारलं, तालुका म्हणजे काय? मितालीले सांगावं लागलं. त्यांचा चेहराच उतरला. घरी पोचल्याबरोबर मी त्यांच्या ताटात दोन पुरणपोळ्या वाढायला सांगतल्या.

११ जानेवारी
पोरीचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. फ्लेक्स आजच बदलतो म्हटलं. स्कॉटलंडले जिल्ह्याचा दर्जा देतो म्हटलं. अजून काय करू? ती रडायलेच लागली. म्हणे, बाबा, तुम्हाले कळूनच नाही राह्यलं.

१४ जानेवारी
पाहुणे गेले, मितालीही. व्याह्यांनी निघताना मले मिठी मारली. म्हणजे राग गेला. लग्न इथंच. उद्या मंगल कार्यालय पाहून येतो.

२५ जानेवारी
कार्यालय बुक केलं. मिताली माझा फोन घेत नाही. कामात असेल. कुंदाचा घेते.

२ मार्च
ग्लासगोहून लग्नाचं कार्ड आलं. लग्न जूनमध्ये, तिकडंच. कार्ड इंग्रजीत, मराठीतही. मराठीत वधूपित्याचा पत्ता: मु. पो. दिग्रस, ता. विदर्भ, जि. पुणे.
डोकं फिरलं! विदर्भ तालुका? अन् आम्ही पुण्याचे? लगेच मितालीले फोन लावला. आज तिनं पहिल्याच रिंगले उचलला. मी चांगला झापणार होतो, पण तिनंच सुरुवात केली. पोरगी म्हणे, सासऱ्यांची आयडिया होती, लिहिलं मीच. बाबा, लागलं ना? मी हो म्हटलं अन् लहान पोरासारखा रडलो.
फोन ठेवल्यावर कुंदा म्हणे, चला, पासपोर्टचे फोटो काढून येऊ. गॉगल घरीच ठेवा.