वीरधवलचा गुडघा

वीरधवल गड्या,

दोन वर्षं झाली, आमी तुझा गुडघा बरा व्हायची वाट बघतोय. दर हंगामाला तू कळवतोस, "दिवाळीनंतर उतरतो," आन् दर हंगामाला आपली फुटबॉल टीम तुझ्याबिगर खेळती. परवा सांगलीच्या मैदानावर उपांत्य सामना हरलो, तवा मीच पहिल्यांदा ओरडलो, "वीरधवल नाटकं करतोय!" मग सगळी गॅलरी ओरडाय लागली.

तुला तोंडावर जाब विचारायचा म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी धरून कोरेगावला आलो. हे तुला ठाऊक न्हाई. तू घराच्या बाहेरच्या जिन्यावरनं उतरत हुतास, कठडा धरून, उलटा, एकेक पायरी. खाली संयोगितावहिनी उभ्या हुत्या. तू त्यांना म्हणालास, "बघ, कालच्यापेक्षा बरं हाय. पुढच्या हंगामाला नक्की खेळतोय."

"व्हय," वहिनी म्हणाल्या आन् त्यांनी तोंड फिरवलं.

मी हाक न मारताच माघारी फिरलो. सांगलीत मैदानावर सगळ्यांनी घेरलं, "काय म्हणाला?"

"कुणी परत त्याला नावं ठेवली, तर माझ्याशी गाठ हाय," मी म्हणालो.

"सुरुवात तुमीच केली हुती की, अण्णा," एकजण म्हणाला.

तू अडतीसचा झालास, मी साठीला आलो. वाट बघून लय दमलोय. आता तू न्हाई खेळलास तरी चालंल, एवढंच सांगायचं हुतं. पण तू अजून पुढच्या हंगामाची आस धरून हायस, आन् हे तुला वाचाय लागंल, म्हणून पत्र टाकत न्हाई.

तुझ्या नावानं घसा बसवून घेतलेला,
गुंडा